काचेवर चिमूटभर कथील: तुमच्या स्क्रीनमागची शंभर वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा इअरफोन आज घरीच राहिलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना येणारे 'म्हणजे कसं' आणि 'तर मग' थोडे कमी केलेत, बाकी बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्या बोटाखाली आहे. फोनची वरची काच सोडा, तिच्या आत बसवलेला एक थर आहे, त्याच्याबद्दल बोलू. जाडी साधारण १०० नॅनोमीटर. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे काहीशे काप केले तर त्यातला एक काप. तो तुम्हाला दिसत नाही, आणि न दिसणं हेच त्याचं काम आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझ्या कोडपर्यंत फक्त एक निरोप येतो: अमुक ठिकाणी, अमुक वेळी बोट टेकलं. दोन आकडे, बस्स. पण तो निरोप यायचा तर बोटाखाली वीज वाहणारं काहीतरी हवं. आणि त्याच्या पलीकडचं चित्र दिसायचं तर ते पारदर्शक हवं. आता आजूबाजूला बघा. वीज वाहते ते तांबं, ॲल्युमिनियम, चांदी, आणि यातलं काहीच आरपार दिसत नाही. आरपार दिसते ती काच, तिच्यातून वीज जात नाही. या दोन गुणांचं सवतीसवतीसारखं नातं आहे. त्यांना एका घरात नांदवायला माणसाला बरीच दशकं लागली, आणि ते जमलं ते 'डोपिंग'मुळे.

डोपिंग म्हटलं की आपल्याला बंदी घातलेले खेळाडू आठवतात. इथे अर्थ वेगळा. एखाद्या पदार्थात दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडेसे अणू मुद्दाम मिसळायचे. आमटीत चिमूटभर हिंग पडलं की सगळ्या पातेल्याचा वास बदलतो, तसं. इथे बदलतं ते पदार्थाचं प्रकाशाशी आणि विजेशी असलेलं वागणं.

गोष्ट सुरू होते १९०७ साली जर्मनीत, कार्ल बेडेकर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञापासून. हो, बेडेकर! आपल्या मसालेवाल्या बेडेकरांशी काही संबंध नाही. हे जर्मन घराणं प्रवासाच्या गाइडबुकांसाठी युरोपभर प्रसिद्ध होतं. आजोबांनी तो धंदा उभा केला, नातू मात्र प्रयोगशाळेत रमला.

या नातवाने काय केलं, तर काचेवर कॅडमियम धातूचा अगदी पातळ थर चढवला आणि तो हवेत तापवला. धातूचं ऑक्साईड झालं. आधीचा चकचकीत थर आता आरपार दिसायला लागला, आणि तरीही त्यातून वीज चांगली वाहत होती. पारदर्शक आणि विद्युतवाहक ऑक्साईडच्या थराची ही पहिली नोंद मानली जाते.

दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कॉपर आयोडाइडचा थर आयोडीनच्या वाफेत ठेवला की त्याची वीज वाहण्याची क्षमता वाढते, आयोडीन काढून घेतलं की कमी होते. बाहेरून थोडं काहीतरी घालून पदार्थाचा गुण कमीजास्त करायचा, ही डोपिंगचीच कल्पना. फक्त तेव्हा तिला ते नाव नव्हतं. बेडेकर पुढे येना विद्यापीठात शिकवत होते. ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू होऊन जेमतेम आठवडा होत असताना, बेल्जियममध्ये लिएजच्या लढाईत ते मारले गेले. वय ३७.

त्यांच्या थराला वीज का वाहावीशी वाटली? ऑक्साईड बनताना काही ठिकाणी ऑक्सिजनचे अणू कमी पडतात, जागा रिकाम्या राहतात. ऑक्सिजनने जे इलेक्ट्रॉन धरून ठेवायचे ते मग मोकळे सुटतात. म्हणजे पदार्थात 'खोट' होती, आणि त्या खोटीमुळेच वीज वाहत होती. पुढची शंभर वर्षं लोकांनी हेच केलं: चुकून पडणारी खोट मुद्दाम, मोजून पाडायला शिकले.

बेडेकरांच्या थराची एक अडचण होती. कॅडमियम ऑक्साईड पिवळसर दिसतं. का, ते समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास या 'का'वर उभा आहे.

एक चाळ डोळ्यांसमोर आणा. तळमजला इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेला. वरचे मजले रिकामे. मध्ये एक लांबलचक जिना, त्यावर कुणाला थांबायला जागा नाही. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, येतो आणि एखाद्या इलेक्ट्रॉनला वर ढकलायला बघतो. जिना चढवण्याइतकी ऊर्जा असेल तर इलेक्ट्रॉन वर जातो आणि फोटॉन संपतो, म्हणजे प्रकाश शोषला जातो. ऊर्जा कमी पडली तर फोटॉन काही न करता आरपार निघून जातो. पारदर्शक म्हणजे ज्याच्या जिन्यापुढे दृश्य प्रकाशाची ऊर्जा कमी पडते असा पदार्थ. लाल फोटॉन कमी ऊर्जेचा, जांभळा जास्त ऊर्जेचा. कॅडमियम ऑक्साईडचा जिना थोडा बुटका आहे. निळे-जांभळे फोटॉन तो चढवून देतात आणि त्यात संपतात. पांढऱ्यातून निळा वजा केला की उरतं पिवळसर.

ही चाळ भौतिकशास्त्रात नीट बांधली गेली १९३१ मध्ये, ॲलन विल्सन यांच्या अर्धवाहकांच्या सिद्धांतात. जिन्याला 'बँड गॅप' म्हणतात. आपण जिनाच म्हणू.

मग आलं दुसरं महायुद्ध. विमानं उंच उडायला लागली की समोरच्या काचेवर बर्फ धरतो. तारा बसवल्या तर वैमानिकाला नीट दिसत नाही. उपाय असा निघाला की तापलेल्या काचेवर कथिलाच्या क्लोराइडचा फवारा मारायचा. काचेवर कथील ऑक्साईडचा पातळ थर बसतो. त्यातून वीज सोडली की काच गरम होते, बर्फ वितळतो, आणि वैमानिकाला समोरचं दिसत राहतं. कथील ऑक्साईडचा जिना उंच आहे, त्यामुळे पिवळेपणाचा प्रश्न नाही. त्यात थोडं अँटिमनी किंवा फ्लोरीन घातलं की वीज आणखी चांगली वाहते. हे काम अमेरिकेतल्या काच कंपन्यांनी पुढे नेलं. त्यातल्या कॉर्निंग कंपनीच्या जॉन मोचेल यांना १९५१ मध्ये पेटंट मिळालं, त्यात कथील आणि इंडियम यांच्या ऑक्साईडचं मिश्रण होतं. आज आपण ज्याला इंडियम टिन ऑक्साईड किंवा आयटीओ म्हणतो, त्याच्या सुरुवातीच्या पेटंटांपैकी हे एक.

इंडियम हे नाव ऐकून 'इंडिया' आठवला असेल, तर बरोबर आठवला. १८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग इथे फर्डिनांड राइख आणि थिओडोर रिख्टर जस्ताच्या खनिजात थॅलियम शोधत होते. राइख यांना रंग ओळखता यायचे नाहीत, म्हणून वर्णपटात डोकावण्याचं काम रिख्टर यांनी केलं. त्यांना कधीच न पाहिलेली गडद निळी रेघ दिसली. नीळ, म्हणजे इंडिगो, तिच्यावरून नाव ठेवलं इंडियम. आणि इंडिगो हा शब्द मुळात 'भारतातून आलेली' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. निळीच्या शेतीतून निघालेलं नाव आज फोनच्या काचेत बसलंय.

आता कथील तिथे करतं काय? इंडियमचा अणू ऑक्साईडमध्ये ३ इलेक्ट्रॉन देतो, कथिलाचा ४. इंडियमच्या जागेवर कथील बसलं की एक इलेक्ट्रॉन जास्तीचा उरतो, आणि तो वरच्या मजल्यावर मोकळा फिरायला लागतो. बाजारातलं नेहमीचं मिश्रण वजनाने ९० भाग इंडियम ऑक्साईड आणि १० भाग कथील ऑक्साईड असं असतं. चिमूट जरा मोठी आहे, पण त्यातलं सगळंच कथील इलेक्ट्रॉन देत नाही. बऱ्यापैकी आळशी बसून राहतं.

हे झालं विजेचं. गंमत पुढे आहे. वीज वाढवायला घातलेल्या या इलेक्ट्रॉनांनी थराचा प्रकाशाशी असलेला व्यवहारच बदलून टाकला, आणि तोही दोन टोकांना, दोन वेगळ्या प्रकारे.

पहिलं टोक जांभळ्याकडचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंडियम अँटिमोनाइड या दुसऱ्याच एका पदार्थाने लोकांना कोड्यात टाकलं होतं. शुद्ध नमुना ७ मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीपासून प्रकाश शोषायला लागायचा, आणि अशुद्ध नमुना ३ मायक्रॉनच्या आसपास. पदार्थ तोच, मग जिना उंच कसा झाला? १९५४ मध्ये अमेरिकेत एलियास बर्स्टीन आणि ब्रिटनमध्ये टी. एस. मॉस यांनी स्वतंत्रपणे उत्तर दिलं. आपल्या चाळीत परत या. डोपिंगने आलेले इलेक्ट्रॉन वरच्या भागातले पहिले दोन मजले आधीच अडवून बसलेत. आता खालून येणाऱ्याला त्याच्याही वर, तिसऱ्या मजल्यावर जावं लागणार. जिना तेवढाच आहे, पण चढाई वाढली. म्हणून फोटॉनकडे जास्त ऊर्जा हवी. कालपर्यंत ज्यांनी इलेक्ट्रॉन वर ढकलला असता, ते फोटॉन आज आरपार जातात. याला बर्स्टीन-मॉस सरक म्हणतात. आपल्या भाषेत: योग्य मिसळ केली की थर जांभळ्या टोकाला जास्त पारदर्शक होतो. अशुद्धी घालून काच स्वच्छ होते! बीटेकला सेमीकंडक्टरच्या पेपरात मी ही व्याख्या पाठ करून लिहिली होती. त्यातला चमत्कार मात्र हा भाग लिहायला बसले तेव्हा दिसला.

दुसरं टोक लालच्या पलीकडचं, अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या किरणांचं. इथे ढोल-ताशा पथक आठवा. ठेका संथ असेल तर शंभर ढोलही एकदम पडतात. ठेका फार जलद केला की कुणालाच साथ करता येत नाही. मोकळ्या इलेक्ट्रॉनांचंही असंच. प्रकाशाची लहर संथ असेल तर ते सगळे मिळून तिच्यासोबत हलतात आणि तिला परत फेकतात. लहर फार जलद असेल तर त्यांना हलायला वेळच मिळत नाही, आणि ती आरपार जाते. मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं गणित पॉल ड्रूड यांनी १९०० मध्ये मांडलं होतं, त्यातून हे निघतं. ठेक्याची ती मर्यादा कुठे पडेल हे इलेक्ट्रॉनांच्या गर्दीवर ठरतं. तांब्यात गर्दी एवढी की दृश्य प्रकाशाचा मोठा भागही परत फेकला जातो, म्हणून तांबं चकाकतं. आयटीओमध्ये गर्दी तांब्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्यामुळे मर्यादा अवरक्तात पडते: दृश्य प्रकाश आत, उष्णता परत.

या गुणाचा उपयोग फोनच्या खूप आधी दिव्यात झाला. युरोपातल्या रस्त्यांवरच्या पिवळ्याधमक सोडियमच्या दिव्यात आतली नळी गरम राहणं गरजेचं असतं. १९६० च्या दशकात फिलिप्सने बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला कथील मिसळलेलं इंडियम ऑक्साईड चढवलं. पिवळा प्रकाश बाहेर, उष्णता परत नळीकडे. त्याच उजेडाला वीज कमी लागायला लागली. आजच्या इमारतींच्या उष्णतारोधक खिडक्यांत फ्लोरीन घातलेलं कथील ऑक्साईड हेच काम करतं.

इथवर ऐकून वाटेल की मग घाला की भरपूर कथील. तिथेच गाडी अडते. इलेक्ट्रॉन देणारा प्रत्येक कथिलाचा अणू वाटेतला धोंडाही असतो, इलेक्ट्रॉन त्याच्यावर आपटत जातात. एका मर्यादेपलीकडे जास्तीचं कथील ऑक्सिजनसोबत गट करून बसतं, इलेक्ट्रॉन देत नाही, फक्त अडथळा करतं. शिवाय गर्दी वाढली की ती अवरक्तातली मर्यादा सरकत सरकत दृश्य प्रकाशाकडे येते आणि लाल रंग खायला लागते. १९८६ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या हॅम्बर्ग आणि ग्रँक्विस्ट यांनी या सगळ्याचा हिशेब एकत्र मांडला. त्यात आणखी एक बारकावा होता: गर्दीमुळे चढाई वाढते, पण गर्दीतल्या आपापसातल्या ओढाताणीमुळे जिना स्वतः थोडा आखूडही होतो. एकूण बेरीज वाढीची निघते, पण साध्या गणिताने वाटते त्यापेक्षा कमी.

तोवर मागणी भलतीकडूनच आली होती. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने लिक्विड क्रिस्टलचा डिस्प्ले जगाला दाखवला. त्यात द्रवाच्या पुढे-मागे वीज द्यावी लागते, आणि निदान पुढची बाजू तरी पारदर्शक हवीच. १९७१ मध्ये आरसीएच्याच जॉन व्हॉसन यांनी इंडियम-कथील ऑक्साईडचे थर निर्वात पेटीत, स्पटरिंगने कसे चढवायचे, हे मांडलं. स्पटरिंग म्हणजे ऑक्साईडच्या लादीवर वायूच्या आयनांचा मारा करायचा, आणि उडालेले अणू समोरच्या काचेवर बसवायचे. १९७३ मध्ये शार्पचा एलसीडीवाला खिशातला कॅल्क्युलेटर बाजारात आला.

टचस्क्रीनची वाट मात्र सुरुवातीला वेगळी होती. ब्रिटनमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये टच डिस्प्लेची कल्पना मांडली. १९७० च्या दशकात सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुंप यांनी काचेवर तांब्याच्या रेघा कोरल्या, ८० मायक्रॉन रुंदीच्या, म्हणजे केसाएवढ्या. धातू पारदर्शक होत नाही, तर तो डोळ्याला दिसणारच नाही इतका बारीक करू, असा हिशेब. पुढे फोन आणि टॅबलेटमध्ये मोठ्या प्रमाणावर बसला तो आयटीओचा थर. एखादा जुना फोन बंद करून उन्हात तिरका धरा. काहींच्या काचेत फिकट चौकटी दिसतात. आयटीओचा प्रकाश वाकवण्याचा गुण काचेपेक्षा जास्त, म्हणून जिथे थर आहे आणि जिथे नाही तिथे प्रकाश थोडा वेगळा परततो. नव्या स्क्रीनमध्ये त्या लपवायला मध्ये आणखी थर घालतात.

या इतिहासात आपल्याकडचीही पानं आहेत. १९८३ मध्ये आयआयटी दिल्लीच्या के. एल. चोप्रा यांनी मेजर आणि पंड्या या सहकाऱ्यांसोबत पारदर्शक वाहकांचा सविस्तर आढावा लिहिला, आणि या विषयात काम करणारे जगभरातले लोक तो आजही संदर्भाला घेतात. आणि कोल्हापूर! शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पातळ थरांवर वर्षानुवर्षं काम झालंय. प्रमोद पाटील यांनी १९९९ मध्ये फवारा पद्धतीवर लिहिलेला आढावा या क्षेत्रात चांगलाच परिचित आहे. पद्धत तीच, युद्धकाळातल्या काचेच्या फवाऱ्याची सुधारलेली बहीण. क्षारांचं द्रावण करायचं, ४००-५०० अंशांपर्यंत तापलेल्या काचेवर त्याचे सूक्ष्म थेंब सोडायचे. डोपिंग करायचं तर बाटलीतल्या द्रावणात दुसरा क्षार मोजून टाकायचा. निर्वात पेटी लागत नाही, त्यामुळे बेताच्या पैशात प्रयोगशाळा चालते.

आता थोडं कडू. इंडियमची स्वतःची खाण जवळपास नसतेच. ते जस्त शुद्ध करताना हाती लागतं, म्हणजे जगाला जेवढं जस्त हवं तेवढ्याच्या प्रमाणात इंडियम. शुद्ध इंडियमचं निम्म्याहून जास्त उत्पादन एकट्या चीनमध्ये होतं. एका फोनमध्ये ते इतकं कमी असतं की भंगारातून परत काढणं परवडत नाही.

आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसं. २००३ मध्ये जपानच्या डॉक्टरांनी एका तरुण कामगाराची नोंद प्रसिद्ध केली. स्पटरिंगसाठी लागणाऱ्या आयटीओच्या लाद्या घासण्याचं त्याचं काम. त्या धुळीने त्याची फुप्फुसं निकामी केली आणि तो गेला. त्यानंतर आणखी रुग्ण सापडले, 'इंडियम फुप्फुस' असं या आजाराला नावच पडलं, आणि जपानने कारखान्यांचे नियम कडक केले. स्क्रीनवर पक्का बसलेला थर आपल्याला काही करत नाही. धोका होता तो तयार करणाऱ्याला. पारदर्शक गोष्टीच्या मागचे हात दिसत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

म्हणूनच पर्यायांचा शोध आज नुसता पैसे वाचवण्याचा मामला राहिलेला नाही. कानाझावाच्या तादात्सुगु मिनामी यांनी १९८० च्या दशकापासून ॲल्युमिनियम घातलेल्या जस्त ऑक्साईडवर काम केलं. जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही स्वस्त आणि मुबलक, पण दमट हवेत तो थर टिकायला कमी पडतो. फ्लोरीन घातलेलं कथील ऑक्साईड सौरघटांत चांगलं चालतं, पण फोनसाठी त्याच्या बारीक रेघा कोरणं जड जातं. सगळ्या गुणांत एकदम पास होणारा विद्यार्थी अजून सापडलेला नाही.

आणि आयटीओ तरी आपल्याला पूर्ण समजलंय का? इंडियम ऑक्साईडचा जिना ३.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, हा १९६६ मधल्या मोजमापाचा आकडा पुस्तकांत चाळीस वर्षं छापला जात होता. २००८ मध्ये ॲरन वॉल्श आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खरा जिना ३ पेक्षाही कमी आहे. फक्त तळमजल्याच्या सगळ्यात वरच्या खोल्यांमधून त्या जिन्यावर यायला निसर्गनियमानेच जवळपास मनाई आहे, म्हणून प्रकाशाला तो उंच भासतो. मधल्या चाळीस वर्षांत करोडो स्क्रीन विकल्या गेल्या होत्या! कृती आधी जमली, कारण नंतर कळलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच चालतं, पण तिथे त्याला कुणी विज्ञान म्हणत नाही.

तर या भागातून एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. पदार्थ पारदर्शक आहे की नाही, हे फक्त तो कशाचा बनलाय यावर ठरत नाही. त्यात काय मिसळलंय आणि किती, यावरही ठरतं. कमी पडलं तर वीज नाही, जास्त झालं तर प्रकाश नाही. मधली ती अरुंद जागा सापडायला बेडेकरांपासून शंभर वर्षं गेली, आणि आपण आज तिच्यावर अंगठा फिरवत रील्स बघतोय.

उन्हात धरून तुमच्या जुन्या फोनच्या काचेत चौकटी दिसल्या का, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!